हरायलाही कोणी लागतं

माझ्या फोनमध्ये जनावरं आहेत. गाय-म्हैस नव्हे, डोक्यावर तीन शिंगं, पाठीवर शंख, पोटात दिवा, अशी कुठल्याच रानात न सापडणारी. ती हिंडून शोधायची, पकडायची, पाळायची, मोठी करायची आणि दुसऱ्यांच्या जनावरांशी लढवायची, एवढाच त्या खेळाचा धंदा. खेळाचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना एव्हाना कळलं असेल, आणि बाकीच्यांना नाव सांगून मी काही शहाणी ठरणार नाही. चाळिशी समोर दिसायला लागलेल्या बाईनं हे खेळावं, यावर लोक काय म्हणतात ते मला तोंडपाठ आहे. सोसायटीतल्या एका बाईंनी एकदा विचारलं, "सारखं काय करत राहता हो फोनवर, बोटानं?" मी म्हटलं, "मावसभावाशी बोलते." मला मावसभाव नाही. पण खरं सांगत बसण्यापेक्षा मावसभाव परवडला.

हा खेळ माझ्याकडे आला तेव्हा आम्ही धरमपेठेत दोन खोल्यांत राहत होतो आणि मी सहावीत होते. टीव्हीवर त्या जनावरांचं कार्टून लागायचं आणि आख्खा वर्ग त्यापायी वेडा झाला होता. चिप्सच्या पाकिटातून चित्रांच्या गोल चकत्या निघत, मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चाले. वर्षभरात वर्ग शहाणा झाला आणि क्रिकेटकडे, गाण्यांकडे, एकमेकांकडे वळला. मी तशीच राहिले. कोणाला बरोबर न घेता वेडं राहणं किती कठीण असतं, हे मला त्या वर्षी कळलं.

बाबांनी माझं तोंड पाहिलं असावं. एका रविवारी त्यांनी मला जरीपटक्याच्या बाजारात नेलं आणि हातात मावणारा एक जुना व्हिडिओ गेम घेऊन दिला. आत तोच खेळ होता, पण सगळी अक्षरं जपानी. बाबा दुकानदाराला म्हणाले, "अहो, हे वाचता कसं येणार तिला?" तो म्हणाला, "भाईसाब, भाषा से क्या लेना-देना, बटन तो वही है." माणूस खोटं बोलला नव्हता. पुढची दोन वर्षं मी एक अक्षर न समजता तो खेळ खेळले. कुठल्या रेघोट्या म्हणजे 'हो' आणि कुठल्या म्हणजे 'नाही', एवढं पाठ केलं, आणि तेवढ्यावर भागलं.

त्या यंत्राबरोबर एक वायर फुकट मिळाली होती. दोन्ही टोकं सारखी. ती कशाला, हे मला नेट कॅफेत वाचून कळलं. माझ्याकडे मातकट रंगाचं, एका डोळ्याचं एक जनावर होतं, ते कितीही लढवलं तरी मोठं होत नव्हतं. नियम असा होता की ते दुसऱ्या माणसाच्या यंत्रात पाठवायचं. तिकडे पोचलं की त्याचं रूप बदलतं. मग त्या माणसानं ते परत द्यायचं. म्हणजे आधी असा खेळ असलेला दुसरा माणूस हवा, आणि वर तो परत देणारा हवा. मी वर्गात विचारलं, गल्लीत विचारलं, बाबांच्या बँकेतल्या सगळ्यांच्या मुलांना विचारून झालं. कोणाकडे नव्हतं.

वायरचं एक टोक यंत्रात आणि दुसरं लोंबकळतंय अशी मी बसलेली असताना आई मेथी निवडत होती. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "आण वं इकडं, मी धरते ते टोक. कुठं खुपसाचं ते सांग." असं चालत नाही, दुसरं यंत्रच लागतं, हे मी तिला दोनदा समजावलं. तिला ते कळलंही. तरी तिनं ते टोक थोडा वेळ मुठीत धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मेथी निवडली.

कॉलेजात गेल्यावर घरी कॉम्प्युटर आला. त्यावर तोच खेळ दोन खिडक्यांत एकाच वेळी उघडता येतो, हे मला कळलं. डाव्या खिडकीतही मी, उजव्या खिडकीतही मी. डावीकडून जनावर पाठवलं, उजवीकडे घेतलं. ते बदललं, मोठं झालं, नाचलं. मग उजवीकडच्या मीनं डावीकडच्या मला ते परत दिलं. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे, इथं ताकसुद्धा नव्हतं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी कॉम्प्युटर बंद करून आईला भांडी घासू लागले.

पुढे खेळ फोनमध्ये आला आणि जनावरं रस्त्यावर आली, म्हणजे फोनमधून पाहिलं तर रस्त्यावर. त्या पहिल्या पावसाळ्यात फुटाळा तलावाच्या काठी पोरापोरींची झुंबड असायची. सगळे फोनमध्ये डोकं घालून, मधेच ओरडत, "इकडे निघाला, इकडे!" मीही जायचे. घोळक्यापासून चार पावलं अलीकडे उभी राहायचे, ते धावले की मीही त्यांच्या मागून चालायचे. कोणीतरी विचारेल, 'तुम्ही पण का?' असं वाटायचं. आपणही विचारू शकतो, हे सुचलं नाही असं नाही, जमलं नाही. दिवाळी येईतो झुंबड ओसरली आणि फुटाळ्यावर परत भुट्टेवाले आणि जोडपी तेवढी उरली.

बाबा गेल्यावर आई आणि मी मनीषनगरला फ्लॅट घेतला. मी परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासते, घरूनच. संध्याकाळी दिवे लागायला आले की आमची शिफ्ट सुरू होते, आणि शिफ्टमध्ये फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो. गल्लीच्या तोंडाशी एक लहान मारुतीचं देऊळ आहे, समोर मोकळी जागा आणि सिमेंटचा बाक. आमच्या खेळात ते देऊळ म्हणजे आखाडा आहे.

आखाड्याचा नियम सांगायला हवा. खेळणाऱ्यांचे तीन रंग असतात, मी निळी. आखाडा ज्याच्या ताब्यात, त्याचं जनावर तिथं पहाऱ्याला उभं राहतं. एकदा उभं केलं की त्याला परत बोलावता येत नाही. दुसऱ्या रंगाच्या कोणी येऊन हरवलं, तरच ते घरी येतं, आणि येताना पहाऱ्याची थोडी मजुरी घेऊन येतं. हरल्याशिवाय घरी येणं नाही. पोट भरलेलं असेल तर ते सहज पडत नाही, लागोपाठ तीनदा हरवावं लागतं. त्याची ताकद हळूहळू उतरते, तेव्हा त्याला बोरं खाऊ घालायची, की परत टुणटुणीत. हरवायला देवळाजवळ जावं लागतं. खाऊ मात्र घरबसल्या घालता येतो.

इथं आल्यावर मला कळलं की या आखाड्यावर पिवळ्या रंगाचा एक जण आहे. एकच. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. इंजिनिअरिंगचा कोणी पोरगा असणार, अशी मी खूणगाठ बांधली. मी सकाळी दूध आणायला उतरले की त्याचं जनावर हटवून माझं उभं करायची. तो संध्याकाळी, माझी शिफ्ट लागल्यावर, माझं हटवून त्याचं उभं करायचा. त्यानं दिवसा कधी माझं जनावर हटवलं नाही. माझी दिवसभराची मजुरी होऊ द्यायचा. मीही त्याच्या रात्रीला कधी हात लावला नाही. असं कोणी ठरवलं नव्हतं. दिवाळीत त्यानं टोपी घातलेलं जनावर उभं केलं, दुसऱ्या दिवशी मी गळ्यात फीत बांधलेलं. बस, एवढीच आमची शुभ दीपावली. पण मी आईला सांगायची, "आज आपल्या पोरानं लवकर हटवलं," आणि आई विचारायची, "जेवला असन का वं तो?" आमच्या घरात तो पाहुण्यासारखा नांदत होता.

मग आई गेली. चार दिवस दवाखाना झाला आणि संपलं. माणसं आली, तेरावं झालं, माणसं गेली. त्यानंतर एका सकाळी मी खाली उतरले, पिवळ्याचं जनावर हटवलं आणि माझ्याजवळचं सगळ्यात दांडगं तिथं उभं केलं. आता काही दिवस आपल्याच्यानं उतरणं होणार नाही, हे मला ठाऊक होतं. दूध घरपोच लावलं. भाजी फोनवरून यायला लागली. दाराची कडी दिवसातून एकदा निघे, पिशवी आत घ्यायला.

बाहेर माझं म्हणावं असं ते एकच जनावर उरलं होतं. मी त्याला रोज दुपारी खाऊ घालायची. कधी त्याची ताकद पुष्कळ उतरलेली दिसायची, निम्म्यावर, त्याहूनही खाली. मला वाटायचं, बिचाऱ्याला भूकच फार लागते. मग मी चांगल्यातली बोरं काढून त्याला पोटभर घालायची. जाडजूड, शांत, देवळापुढे उभं. काही आठवड्यांनी त्याची भूक कमी झाली, ताकद नुसती हळूहळू उतरायची. मला बरं वाटलं. पण ते घरी येईना. पिवळा पोरगा येत नाहीसा झाला होता. नोकरी लागून गेला असेल, नाहीतर खेळ सोडला असेल, सगळेच सोडतात. मला त्याचा राग आला, आणि मग खूप रडू आलं. आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर लोकांनी उपाय सांगितला, "दुसऱ्या नावानं खातं काढा, स्वतःच स्वतःला हरवा." तसलं मी एकदा करून बसले होते. नको म्हटलं.

असं वर्ष गेलं. तान्ह्या पोळ्याला आम्हाला सुट्टी होती आणि देवळापुढच्या मोकळ्या जागेत मुलांचे लाकडी बैल भरले होते. खिडकीतून पाहिलं तर एवढे लहान बैल आणि त्यांना एवढा साज की मला हसू आलं. हसू आलं म्हणून खाली उतरले, दुसरं कारण नाही. बाकावर जागा होती, बसले. शेजारी साठीच्या पुढची एक बाई, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. तिची चार-पाच वर्षांची नात बैलाची दोरी धरून तिला बिलगून उभी. बैलांची ओळ लागायला वेळ होता म्हणून बाई नातीला फोन दाखवत होती.

"हा बघ. एक वर्ष होऊन राहिलं, हटतच नाही इथून."

मी वाकून पाहिलं. फोनमध्ये देऊळ होतं आणि देवळापुढे माझं जनावर उभं होतं.

"तो माझा आहे," मी म्हटलं. वर्षभरात मी कोणाशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असेल.

बाईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुझावाला? तूच का वं ते? मले वाटलं एखादा पोट्टा असन."

"मलाही तेच वाटलं होतं, काकू."

आम्ही दोघी इतक्या मोठ्यानं हसलो की पुढच्या मुलांनी मागे वळून पाहिलं. हसू थांबल्यावर काकूंनी विचारलं, "मंग असं काहून केलं वं? मी रोज येत होती ना. डॉक्टरनं फिराले सांगितलं, तर पोरानं फोनमंदी हे भरून देलं, म्हणे, आई, या बहाण्यानं तरी चालशीन. तुह्या या हत्तीले दोनदा पाडू पाडू माहा अंगठा सुजे. तिसऱ्यांदा होतच नव्हतं. म्हटलं उद्या पाडू. अन् उद्या येऊन पाहावं तर याचं पोट टम्म! रोज तेच. मले वाटलं, याले आता आपलं येणं नको आहे. मंग सोडून देलं."

ती भूक नव्हती. रोज संध्याकाळी माझ्या खिडकीखाली येऊन कोणीतरी दुखऱ्या अंगठ्यानं दार ठोठावत होतं, आणि रोज दुपारी मी आतून नवी कडी घालत होते. तीही प्रेमानं.

"आई गेली माझी," मी म्हटलं. "खाली येणं होत नव्हतं. हा तरी उपाशी राहू नये, असं वाटायचं."

काकू नातीच्या बैलाची झूल नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याले एकटं वाटू नये म्हणून एवढं केलं. अन् मले वं?"

रागानं म्हणाल्या नाहीत. पण मी ते ऐकलं, आणि ते खरं होतं. या गल्लीत आम्ही दोघी वर्षभर दोन टोकांना बसून होतो. त्यांच्या घरीही बोलायला कोणी नव्हतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. आता तोच लेकीला घेऊन त्यांना न्यायला आला होता. घर किरायानं दिलेलं, सामान बांधून झालेलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि मग बाही सावरत म्हणाल्या, "चाल, आता तरी पाडू दे. हात नको लावजो फोनले."

त्यांनी सुरुवात केली. माझा फोन लगेच थरथरला, हल्ल्यापुरतीच टिकणारी, शिफ्टमुळे मला कधी न दिसलेली पाटी आली: तुमच्या जनावरावर हल्ला झालाय, खाऊ घाला. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. एकदा पाडलं. दुसऱ्यांदा पाडलं. मध्ये त्यांनी अंगठा झटकला, नात म्हणाली, "आजी, फुंकर घालू?" आणि तिनं खरंच घातली. तिसऱ्या वेळी बैलांची ओळ लागली, ढोलकी वाजायला लागली, लोक पुढे सरकले, तरी आम्ही बाकावरून उठलो नाही. शेवटी ते दांडगं जनावर पडलं आणि माझ्या फोनवर आलं की ते घरी परतलं आहे. आखाडा पिवळा झाला. काकूंनी तिथं एक बारकीशी, चोच वाकडी असलेली चिमणी उभी केली.

"माह्यावाली उद्या हटवजो बरं," त्या उठताना म्हणाल्या. "नाही तर मी तिकडं अन् हे इथं."

त्यांचा नंबर मागावा, असं मनात आलं. जिभेवर आलं. फुटाळ्याच्या काठी उभं राहायची ती सवय इतक्या वर्षांची, ती एका संध्याकाळीत कुठली जाते? नात त्यांना बैलाकडे ओढत होती. मी नुसतं "हो काकू" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी शिफ्टमधून सुट्टी घेतली आणि संध्याकाळी देवळापुढे जाऊन बसले. ठरल्याप्रमाणे चिमणी हटवायला घेतली. ती लढाऊ नव्हतीच. एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली, अगदी थोडा जीव उरला. हिला पोचवली की झालं, गोष्ट संपली. मी तिसऱ्यांदा सुरू करणार तोच तिची ताकद गच्च भरली.

मला वाटलं फोन बिघडला. पुन्हा दोनदा पाडली. पुन्हा भरली. तेव्हा मला उमगलं. या आखाड्यावर पिवळ्या रंगाचं दुसरं कोणी नव्हतं. चालत्या गाडीत, बहुतेक खिडकीशी बसून, काकू तिला बोरं घालत होत्या. मी पाडते आहे हे त्यांना तिकडे दिसत होतं, आणि हटवजो म्हणून सांगून गेलेली बाई आता हटू देत नव्हती. मी बाकावर एकटीच मोठ्यानं हसले. देवळात तेल वाहायला आलेल्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. पाहू दे म्हटलं. मी पाडायची, त्या भरायच्या. मी पाडायची, त्या भरायच्या. देवळातले दिवे लागले. इतकं बोलणं मी कोणाशी कित्येक महिन्यांत केलं नव्हतं.

मग एकदा पाडली आणि भरली नाही. मी थांबले. अजून नाही. काकू दमल्या असतील, डबा उघडला असेल, किंवा नुसती रेंज गेली असेल. वर्धा मागे टाकून गाडी पुलगावकडे लागली की रेंज जाते, हे मला माहीत आहे. चिमणीत शेवटचा एक थेंब उरला होता. बोटाचा एक धक्का दिला असता तरी ती पुण्याच्या वाटेला लागली असती, आणि दिलेला शब्दही तोच होता.

धामणगाव आलं की रेंज परत येते. मी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि धामणगाव यायची वाट बघत बसले.